अंगद भरलाय

आमच्या पाथर्डीकडचं ऊन असं, की एकदा भर दुपारी माझी सावली करपून गेली आणि दिवस मावळेपर्यंत मी तिच्यावाचून हिंडलो. गावात हे कुणी मानत नाही. न मानोत. पण पंकजाच्या कॉम्प्युटरनं अंगदला जाड केलं ते अख्ख्या गावानं डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून ते सांगतो.

अंगद म्हणजे माझ्या शेजारणीचा, लंकाबाईचा, एकुलता पोरगा. एसटी स्टँडसमोर त्याचं ऑनलाईन सेवा केंद्र. किडनीच्या दुखण्यानं मागल्या उन्हाळ्यात गेला. केंद्र आता त्याची बायको पंकजा चालवते. स्क्रीन चालू केली की आधी त्याचाच फोटो येतो. केंद्राच्या दारात उभा, हात चौकटीला टेकलेला, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबतोय. शेवटच्या दिवसांतला फोटो, पण पंकजानं तोच ठेवला, कारण त्यात तो हसतोय.

लंकाबाई रोज सकाळी यायची, स्टुलावर बसून फोटो बघायची. गिऱ्हाईक आलं की पंकजा फॉर्म उघडायची, अंगद झाकला जायचा, मग ही उठायची.

आजारपणात डॉक्टरांनी अंगदचं मीठ तोडलं होतं. शेवटी शेवटी तो चिमूटभर मागायचा आणि लंकाबाई नाही म्हणायची. तो गेला तसं तिनंही मीठ सोडलं. अळणी भाकरी, तीही चतकोर. बाई निम्मी झाली.

मग त्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम बंद होणार म्हणून पंकजानं एका संध्याकाळी नवी टाकायला लावली. सकाळी स्क्रीन काळी ठिक्कर. तिनं वायर काढून फुंकर मारून परत खोचली. झेरॉक्सवाल्याचा मॉनिटर आणून लावला, तोही काळा. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, तेव्हा कुठं चित्र आलं, पण आडवं ताणलेलं. अक्षरं बसकी, गोल चिन्हं अंड्यासारखी. आणि अंगद? गाल वर आलेले, खांदे रुंद, शर्ट अगदी मापात.

लंकाबाई दारातच थांबली. "भावजी, ह्यो भरलाय का वो?"

"व्हय तर," मी म्हणालो. "तिकडं मिठाला बंदी न्हाई. ठेचा-भाकर हानतोय."

पंकजानं माझ्याकडं पाहिलं. दुपारी लंकाबाई माझ्या घरून वाटीभर ठेचा घेऊन गेली.

मग मला चेव चढला. रोज नवी खबर. तिकडं त्यालाच केंद्र उघडून दिलंय, देवादिकांचे फॉर्म भरतो, डबा इंद्राच्या घरून येतो, इंद्राची बायको स्वतः तव्यावर बसते.

"तव्यावर?"

"तव्यापाशी."

"तुमच्या तोंडाला एक दार बसवा भावजी," ती म्हणायची. पण अर्धी भाकरी खायची, मग पाऊण.

अडचण एवढीच, की फॉर्म स्क्रीनवर मावेना. पीकविम्याची मुदत संपत आलेली आणि फॉर्म पाठवायचं बटण पार खाली, स्क्रीनच्या बाहेर. बाहेरच्या ओट्यावर माणसं सातबारे धरून बसलेली.

"पंकजाताई," त्यांतला बजरंग म्हणाला, "आमचं वावर बी असंच ताणून रुंद करता आलं तर बघ. न्हाईतर त्ये बटण तरी दाव."

पंकजा मला बाजूला घेऊन म्हणाली, "तात्या, आत्या जेवायला लागल्यात. हे दुरुस्त केलं तर त्यांचं पुढं काय?"

"मग नको करू."

"बाहेर बघा जरा."

बघितलं. "कर," मी म्हणालो.

तिनं नगरच्या एका मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, स्क्रीनवर चित्र आणणारं तुमचं कार्ड जुनं, नव्या सिस्टीमला त्याचा ड्रायव्हर सापडत नाही, तो प्रोग्राम वेगळा उतरवून घ्या. तिनं उतरवला, टाकला. स्क्रीन पुन्हा काळी झाली. लंकाबाई स्टुलावर बसलेली. मला वाटलं, राहूदे अशीच काळी.

चित्र आलं. अक्षरं सडपातळ, गोल चिन्हं गोल. अंगद वाळलेला. शर्ट लोंबतोय.

"त्याचं काय हाय, लंकाबाई," मी सुरू केलं, "तिकडं सध्या उपासाचा महिना..."

"ऱ्हाऊ द्या भावजी." तिची नजर फोटोवरून हलली नाही. "चौकट बी फुगली हुती. मी त्याच दिशी बघितलं. चौकट कुठं भाकर खाती?"

"मग ठेचा कसा काय नेलास?"

"तुमी सांगत हुता तवर घास खाली उतरत हुता. म्हनलं, उतरू द्यावा."

बाहेर कुणीतरी खाकरलं. ती म्हणाली, "आता एक सांगा. चिमटीभर मिठानं त्याचं काय बिघडलं असतं? त्ये मातर खरं सांगा."

मिठानं दुखणं वाढेल असं डॉक्टर म्हणाले होते, ते मला माहीत होतं. मीठ दिलं काय आणि न दिलं काय, पोरगं जाणारच होतं, हेही माहीत होतं. पहिलं सांगितलं असतं तर मीठ न दिलेलं बरोबर ठरलं असतं. दुसरं सांगितलं असतं तर ते उगाच ठरलं असतं.

पंकजा आमच्याकडं पाठ करूनच म्हणाली, "आत्या, देऊ नका म्हणून मीच मागं लागले होते."

लंकाबाई उठली. सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी गेली. बजरंगनं सातबारा पुढं सरकवला. पंकजानं फॉर्म उघडला, अंगद झाकला गेला. खाली बटण स्वच्छ दिसत होतं.

तेव्हापासून लंकाबाईची भाकरी पुन्हा अळणी आहे. ठेच्याची वाटी तिनं दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. आमच्याकडं शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीतरी घालून देतात. वाटी घासून लख्ख केलेली होती आणि तळाशी चिमूटभर मीठ होतं.