दगडी बाईचं पाणी

नबविया सुईण तीन दिवस नावेतून प्रवास करून शहरातल्या अजबखान्यात पोचली, तेव्हाच तिचं डोकं तापलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी सरकारी माणसांनी तिच्या गावची काळ्या दगडाची बाई उचलून नेली होती. ओढायला गावचेच पुरुष वेठीला धरले. दोर तुटला, त्यात तिच्या नवऱ्याची चार बोटं गेली.

बाई सापडली. भिंतीशी, दोरीपलीकडे बसवलेली. दोन गोऱ्या मडमा छत्रीच्या टोकानं तिचं नाक दाखवत हसत होत्या. पायाशी पाटी होती.

"काय लिहिलंय?" नबवियानं तिथल्या कारकुनाला, नसीम अफंदीला विचारलं.

त्यानं जांभई आवरत वाचलं, "राजघराण्यातली स्त्री. ओसाड जागी बेवारस आढळली."

"बेवारस? अरे, अडलेल्या बाईला आम्ही हिच्या अंगावरून ओघळलेलं पाणी पाजतो. माझ्या आजीपासून पाजतोय. हिला न्हाऊ घालणारी मी इथं जिवंत उभी आहे, आणि ही बेवारस?"

"खाला, हळू बोला. पाहुणे आहेत."

"पाहुणे ते. मी घरची आहे. पाटी बदल."

"पाट्या मोठे साहेब लिहितात. तुमच्या अडाणी समजुती कोण लिहिणार?"

"तू काय आभाळातून पडलास? तुझ्या आईलाही एखाद्या अडाणी सुईणीनंच मोकळं केलं असेल."

आणि ती दोरी ओलांडून गेलीच. झग्याखालची सुरई तिनं बाईच्या डोक्यावर रिकामी केली, खाली वाडगा धरला. मडमा ओरडल्या. पहारेकरी अब्दुस्समीनं तिला दंडाला धरून बाहेर पायऱ्यांवर आणलं. निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

तिथं तो खाली मान घालून पुटपुटला, "खाला, माझी बायको पोटुशी आहे. आधीची दोन पोटातच गेली. घोटभर द्याल?"

"आत तोंड शिवलं होतं का तुझं?"

"नोकरी गेली असती."

नबवियानं त्याच्या लोट्यात पाणी ओतलं. "हे तिच्यासाठी. तुझ्यासाठी थेंबही नाही."

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली, तर दारावर नवा हुकूम होता: आत भांडं न्यायचं नाही. तिनं सुरई अब्दुस्समीच्या हातात कोंबली, रिकाम्या हातांनी आत गेली आणि पाटीसमोर मांडी ठोकून बसली. दार बंद होईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगत होती, "हे खोटं लिहिलंय."