छप्पनाव्या पानावरची नीळ

टिपका होताच... मोहरीएवढा, कडेनं पसरून फिकटलेला, पानाच्या खालच्या कोपऱ्यात छप्पन या आकड्याला चिकटून. गोपिकानं अंगठ्यानं चोळून पाहिला, निघाला तर बरंच या आशेनं; पण धुण्याची नीळ ती, कागदात मुरलेली, ती कशाला निघते! म्हणजे हे आईचं वाचून झालेलं. ठेवून द्यायचं आणि दुसरं बघायचं — इतके उन्हाळे तिनं हेच केलं होतं. आज तिनं पुस्तक मिटलं, काखेतल्या दोन बिनखुणेच्या पुस्तकांच्या मध्ये सरकवलं, आणि मग उगाचच कपाटाकडे बघत उभी राहिली.

"मिळाली का चांगली?" टेबलामागून ग्रंथपाल दत्तोपंतांनी विचारलं. डोक्यावर ओला पंचा, समोर शिक्का. "यंदा नवीन काही आलंच नाही हो, बाई. तुमच्या आईंना द्यावं काय? अर्धं ग्रंथालय वाचून बसल्या आहेत त्या."

"मिळाली तीन," ती म्हणाली, आणि इतक्या घाईनं म्हणाली की तिचं तिलाच ते चोराच्या मनात चांदणं वाटलं.

वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून इथले सगळेच वाचक खुणा करतात. कुणी पेन्सिलीची फुली, कुणी आपल्या नावाचं पहिलं अक्षर. दत्तोपंत चिडतात, मग विसरतात. आईची खूण छप्पनाव्या पानावर, कारण छप्पन साली दीक्षा झाली आणि त्याच हिवाळ्यात तिच्या हाती पाटी आली. नीळ, कारण निळा आपला रंग, आणि धुण्याच्या बादलीमुळे ती घरात असतेच. छप्पन पानांच्या आत आटोपणारं पुस्तक ती हातात धरत नाही. "एवढ्याशात काय मावते?" म्हणते.

शिकवलं कुणी तिला? गोपिकाच्या मनात आलं, मीच. मी चौथीत होते, इंदोऱ्याच्या घराच्या ओट्यावर पाय सोडून बसायचे आणि ती समोर खाली, पदर खोचून. मी शब्द सांगायचे, ती लिहायची. चुकली की मी आमच्या गुरुजींसारखी ‘हात पुढे’ म्हणायचे, आणि ती खरंच पुढे करायची हात... मोठा, राखेनं चिरलेला. मला हसू यायचं. ते हसू आता, या भर उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून घरी चालताना मलाच टोचतं आहे — कारण आजही मी परीक्षाच घ्यायला निघाले आहे, आणि तिला माहीतसुद्धा नाही.

दुसरा मार्ग होता का? फाल्गुनात आई दळणाचा डबा घेऊन गिरणीवर गेली आणि डबा तिथंच ठेवून परत आली. बरं, विसरतं माणूस. मग एका सकाळी तिनं गोपिकाला ‘प्रयाग’ म्हणून हाक मारली. प्रयाग मावशी जाऊन दहा वर्षं झाली. हाक मारली ती मारली, वर "चहा ठेव वं" म्हणून मोकळी. शेजारच्या रंभाबाईंनी तर तोंडावरच सांगितलं, "तुही माय भुलून राहिली वं. डॉक्टरले दाखव." जूनमध्ये गोपिका शिकवते ती शाळा उघडेल. मग घरात आई एकटी, आणि पेटता स्टोव्ह. तिला एकटं ठेवायचं की नाही, हे ठरवायला हवं होतं. डॉक्टरकडे न्यायचं धैर्य नव्हतं, म्हणून हे पुस्तक. वाचलेलं आहे हे तिनं ओळखलं तर... ओळखेल. ओळखेलच.

आई, म्हणजे भीमाबाई, जेवणं आटोपून वाळ्याच्या ताटीपाशी बसली होती. तिनं तीन पुस्तकं उलटसुलट केली आणि नेमकं तेच उचललं. काळा पुठ्ठा, नावाचं पान गेलेलं. गोपिकाचा जीव टांगणीला लागला.

"याचं छप्पनावं पान पाहिलं ना तू?"

"पाहिलं," गोपिका म्हणाली. खोटं नव्हतं ते.

आई मोठ्यानंच वाचते. मनात वाचायला ती शिकलीच नाही. मला शिकवता आलं नाही. दरवर्षी उन्हाळाभर ती वाचते आणि मी ऐकते. आता ओळीखालून बोट सरकत होतं, बाई घर सोडून निघाली होती, बैलगाडी, नदीचा उतार, मागं राहिलेला मुलगा... पान उलटलं, पुन्हा उलटलं. आई थांबेना. ‘अगंबाई’ नाही, ‘हे तर’ नाही. ताटीवर पाणी मारायला गोपिका दोनदा उठली, दोनदाही पाठ करूनच ऐकत राहिली. थांब ना आई. आता तरी थांब. रागावली ती — स्वतःवर, आईवर, त्या गाडीतल्या बाईवर. आईचा आवाज मात्र नेहमीसारखा होता, खणखणीत.

ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा छप्पनावं पान आलं.

आई थांबली. वाकून पाहिलं.

"नीळ आण वं."

बशीत कालवलेली नीळ तिनं पुढे केली. आईनं बोट बुडवलं आणि जुन्या टिपक्याच्या अगदी शेजारी नवा टेकवला. एकाला दुसरा लागू न देता, नीट जागा बघून. म्हणजे दिसला होता? की जागा पाहिली ती नुसती कागदाची? विचारावं... आणि ती म्हणाली, ‘कोणता टिपका?’ तर?

आईनं पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. "हे बाई आता परत येत नाही, पाय बरं," ती म्हणाली. "पोरगं वाट पायते, पण हे येत नाही."

"तुला कसं ठाऊक?" गोपिकानं विचारलं.

"काहून? तुले नाही माहीत?"

नव्हतं माहीत. मागं कधीतरी, याच ताटीपाशी, याच आवाजात तिनं ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली असणार. ऐकता ऐकता रडलीही असेल. आता तिनं मन उकरून पाहिलं, आणि हाताला एक ओळ लागेना. ती बाई येते? नाही येत? आईला आठवलं होतं, की आई नुसता अंदाज बांधत होती... पडताळून बघायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. दुपारभर मी पेपर तपासत बसले होते, आणि उत्तर मलाच येत नव्हतं.

आई अजून तिच्याकडे बघत होती, शब्द सांगितल्यावर पाटीवरून वर बघायची तशी. की आज पाटी माझ्या हातात होती?

गोपिका सरकून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. "नाही माहीत," ती म्हणाली. "वाच."

आईनं निळं बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.