नळीत बसलेला चुना

अर्पिताच्या पत्राला हिंमतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन महिना उलटला होता. काका फोन उचलत नाहीत हे ठाऊक असल्यानं तिनं ते मुद्दाम पोस्टानं पाठवलं होतं. धामणगाव बढेच्या वाचनालयात ग्रंथपाल हिंमतरावांच्या टेबलाशी बसून पुस्तकं फस्त करणारी ही पोर आता बुलढाण्यात डॉक्टर होती.

तिनं लिहिलं होतं, 'हाड बनताना आणि झिजताना काही पदार्थ रक्तात उतरतात. त्यांच्यावरून रक्तवाहिन्या कडक होताहेत हे आधी ओळखता येईल का, ते मी तपासते आहे. साठीपुढच्या माणसांचं रक्त हवं. गावात पत्रकं वाटली, पण शिबिराला कुणी फिरकलं नाही. तुम्ही समजावाल का? नाहीतर धामणगाव संशोधनातून वगळावं लागेल.'

समजवायचं, आणि ते हिंमतरावांनी! चार माणसांत ते कधी बोलायला उभे राहिले नव्हते. उत्तर लिहायला घ्यायचे, फाडून टाकायचे.

एके दिवशी मात्र त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई बाजारातून येताना वाटेत सारख्या थांबू लागल्या. चाललं की पिंडऱ्या भरून यायच्या, थांबलं की बरं वाटायचं.

"अर्पिताले दाखवून ये. रक्त बी तपासून घे," घरी आल्यावर हिंमतराव म्हणाले.

"नाई बाप्पा! हाडातून काढतात थे रक्त. हाडाले भोक पाडतात."

"कोनं सांगतलं?"

"पत्रकातच हाय. वाचा नं, तुमी तं लय वाचनारे!"

त्यांनी पत्रक शोधून काढलं. वर ठळक अक्षरांत होतं, 'हाडांच्या रक्ताची तपासणी'. हिंमतराव बघतच राहिले. गावानं चुकीचं वाचलं नव्हतं. जसं छापलं होतं तसंच वाचलं होतं.

ते उठले. मळ्यात जाऊन ठिबकची एक जुनी, बुजलेली नळी कापून घेतली आणि भाजीचे टेम्पो भरायला लोक जमतात तिथं जाऊन उभे राहिले.

"शिबिरात रक्त दंडातूनच काढतात," ते एवढ्या हळू बोलले की वांग्यांचं पोतं शिवणारे गुलाबराव ओरडले, "जोरानं बोला नं काका! हे काय वाचनालय हाय?"

लोक हसले. हिंमतरावांनी नळी उभी चिरून वर धरली. आत पांढरा थर होता.

"हे पाहा. बोअरच्या पान्यातला चुना बसला. तसाच आपल्या रक्ताच्या नळ्यांत बी बसते. नळी कडक होते, वाट अरुंद होते. हाडाचं जे रक्तात उतरते, त्याच्यावरून हे पयलेच समजते काय, थेच पोरगी पाहून राह्यली."

"मंग ठिबकावानी आमाले बी ॲसिड पाजता का काय, नळी साफ कराले?" गुलाबरावांनी विचारलं.

पुन्हा हशा पिकला. एरवी हिंमतराव तिथूनच घरी पळाले असते.

"ठिबकाले चालते, मानसाले नाई चालत," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज टेम्पोपलीकडे पोचत होता. "म्हनून तं चुना बसाच्या आधी समजलं पाह्यजे."

हसणं थांबलं. गुलाबरावांनी सुई पोत्यात खोचून ठेवली आणि चिरलेली नळी हातात घेऊन बराच वेळ निरखली.

"दंडातूनच नं? पक्कं?"

"पक्कं. पयले माह्या दंडातून."

"काऊन, पयले तुमच्याच?" मागून अन्नपूर्णाबाई बोलल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, हिंमतरावांना कळलंच नव्हतं. "पाय माहे दुखतात. पयले माहं नाव लिवा."

घरी येऊन हिंमतरावांनी एका बैठकीत उत्तर लिहिलं. 'चि. अर्पिता, शिबिर पुन्हा लाव. लोक येतील, सगळे येतील असं नाही, पण येतील. पत्रकावरची ओळ बदल. "दंडातून घेतलेल्या रक्ताची तपासणी" असं लिही. काकूचे पाय चालताना दुखतात. तुझ्या संशोधनासाठी तिची तपासणी लांबवू नकोस, आधी तिला नीट तपास.'

पुन्हा वाचलं तर फाडावंसं वाटेल, म्हणून त्यांनी ते वाचलं नाही. पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि पोस्टाच्या लाल पेटीत टाकून आले.