न चढवलेल्या तुळईचा नारळ

मित्रांनो, मी एक जुनी तुळई आहे. सागवानी, दहा हात लांब आणि बिलाप्रमाणे मेलेली.

दोन भिंतींवर आडवी पडून जी छप्पर पेलते, तिला तुळई म्हणतात. ही बाई पडून असते म्हणून मला हिणवू नका. तुम्ही दहा मिनिटं अंगावर कौलं घेऊन पडून दाखवा, मग बोलू.

माझा जन्म शहापूरकडच्या रानातला. तिथून बैलगाडीने कल्याणच्या वखारीत आले आणि वखारीतून ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका तीन खोल्यांच्या घरात. मला चढवलं तेव्हा हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि दुसरा नारळ सुताराच्या हातात दिला. हा त्याचा मान. तो घेतल्याशिवाय सुतार तुळईला हात लावत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढचा भडका यावरूनच उडणार आहे.

तीस वर्षं मी काम केलं. माझ्या कडीला पाळणे टांगले, पाळण्यातली पोरं मोठी झाल्यावर लसूण टांगला. कौतुक मात्र पाहुण्यांनी नेहमी फरशीचं केलं. वर मान करून "वा, काय तुळई!" असं म्हणणारी एक पाल सोडली तर कुणी भेटलं नाही. तीही चुकचुकायची, त्याला मी कौतुक समजायचे.

१९५३ च्या श्रावणात स्वयंपाकघरावरची कौलं फुटली. घरमालक श्रीपाद कचेरीतला कारकून, स्वभावाने इतका गरीब की दारात चुकून आलेल्या माणसालाही चहा विचारील. त्याने पोपटशेठ नावाच्या ठेकेदाराला काम दिलं आणि छप्पर उघडं पडणार म्हणून बायको सुमती आणि बहीण हेमा यांना घेऊन आठ दिवस आंबिवलीला सासुरवाडीला गेला. आठ दिवसांत कौलं बसली. शेवटच्या दिवशी दगडू सुताराने मला डांबर फासलं. तोंडाला काळं फासणं म्हणजे काय ते मला कळत होतं, पण मी समजले, वाळवीसाठी असेल. भाबडी मी!

घरची मंडळी परतली आणि पोपटशेठ दगडूला घेऊन बिल द्यायला आला. श्रीपादने मोठ्याने वाचलं, "जुनी तुळई वाळवीने खाल्ली. काढून नवी सागवानी चढवली."

माझ्या मरणाची बातमी मी अशी छताला बसून ऐकली. तेरावं नाही, कावळ्याला घास नाही, समोर नुसती रक्कम! आणि रक्कम केवढी? हेमाच्या शिलाई मशीनसाठी डब्यात साठवली होती, बरोब्बर तेवढी. हेमाने शिवणाचा वर्ग पुरा केला होता, नवरात्रासाठी शेजारपाजारच्या सोळा पोलक्यांचं कापड येऊन पडलं होतं. माझ्या खोट्या मरणाचा खर्च त्या पोरीच्या मशीनमधून निघणार होता. रागाने तडकावंसं वाटलं. पण तडकले असते तर पोपटशेठचंच खरं झालं असतं.

सुमतीने पदर खोचला. "पोपटशेठ, जुनी तुळई कुठंय?"

"नेली ना वहिनी. जुनं लाकूड ठेकेदाराचं, रिवाजच आहे तसा."

हे तो माझ्या खाली उभं राहून सांगत होता!

"आणि ही पाळण्याची कडी?"

"जुनीच परत लावली. तुमचा खर्च वाचवला."

"ही कडीजवळची गाठही जुनीच परत लावली का?"

"अहो, सागाला गाठी असायच्याच. सगळ्या तुळया एका तोंडाच्या दिसतात."

"अगं, जाऊ दे," श्रीपाद पुटपुटला, "देऊन टाकू."

"दादा, माझी मशीन!" हेमा रडकुंडीला आली.

सुमतीने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दगडूकडे वळली. "दगडूदादा, तुळई तुम्ही चढवलीत?"

दगडूने मान खाली घातली. उत्तर पोपटशेठनेच दिलं, "त्यानेच. दुसरं कोण?"

"मग नारळ कुणी दिला? आम्ही तर आंबिवलीला होतो."

"ह्या! नारळबिरळ कसला, वहिनी? बिननारळाचीच चढवली त्याने. आता नवा जमाना आलाय."

दगडूची मान खाडकन वर आली. "कुणी? मी?"

"अरे, गप रे."

"गप कशाला? शेठ, मला लबाड म्हणा, ऐकून घेईन. पण बिननारळाची तुळई? उद्या चार सुतारांत मी तोंड काय दाखवू? चाळीस वर्षांत एक तुळई बिननारळाची चढवली नाय मी!"

"मग ही?" सुमतीने शांतपणे विचारलं.

"ही चढवलीच नाय! हिला नुसतं डांबर फासलंय!"

पाल चुकचुकली. या वेळी ते खरंच कौतुक असावं.

पोपटशेठने घाम पुसला, बिलातली माझी ओळ खोडली आणि म्हणाला, "बरं, डांबराचे तरी द्या."

"फासायला कुणी सांगितलं होतं?" सुमती कडाडली. "हेमा, घासलेट आण. शेठ, चढा शिडीवर आणि पुसा!"

आणि पोपटशेठ चढला हो! शिव्या गिळत त्याने माझं तोंड पुसलं. मला गुदगुल्या झाल्या, पण राग गेला नाही. अजूनही गेलेला नाही.

निघताना सुमतीने दगडूच्या हातात नारळ ठेवला. तो ओशाळला. "कशाला, वैनी? चढवली नाय ना."

"म्हणूनच."

आता हेमाची मशीन माझ्या खालीच खडखडते. ती सोळा पोलकी नवरात्राआधी पोचली. मशीनची थरथर भिंतीतून माझ्यापर्यंत येते आणि आपण जिवंत असल्याचं मला रोज नव्याने कळतं.

मित्रांनो, जे मुकाट्याने तुम्हाला पेलतं, त्याला कुणी मेलं म्हणालं तर लगेच पैसे काढू नका. आधी मान वर करून बघा. अधूनमधून तेलाचा हात फिरवा, वाळवी लागली का ते पाहा. एवढीच माझी मागणी आहे, आणि ती मी बिलात लावलेली नाही.