बांधावरची सात रोपं

"बिनकाट्याची ब्लॅकबेरी म्हणून गावभर मिरवतीस, अन् माझ्या वावरात काटे?" शेजारचा शेषेराव रक्ताळलेला पाय दाखवत ओरडला.

पंचशीलाची कात्री थांबली नाही. फळून गेलेल्या, खोडकिड्यानं पोखरलेल्या काड्या कापून आजच जाळायच्या होत्या.

मागच्या साली ती महिनाभर अहमदपूरला लेकीकडं गेली, तेव्हा बांधावरची सात रोपं नाहीशी झाली. "करपा पडला होता, म्हणून उपटून फेकली," असं ह्याच माणसानं गोड बोलून सांगितलं होतं. ते खरं मानून तिनं उरलेल्या रोपांवर उन्हाळाभर औषध मारलं.

आता तिनं कात्री ठेवली, त्याच्या वावरात शिरली अन् काटेरी फुटी मोजल्या. आताच्या बांधापासून दोन हात आत, एका रांगेत, सात.

"काका, वरून काटा नसला तरी ह्या झाडाचं मूळ नांगरानं तुटलं, की तिथून काटेरी फूट येते. रोपं मी बांधावर लावली होती. मग बांध कुठं हाय?"

शेषेरावाचा आवाज चढला. "आधी उपट हे!"

"एकपण न्हाई उपटणार. मोजणीवाले येईस्तोवर तुम्हीच पाणी घाला."