आधी आपला हात

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातला चिपच्या तापमानाचा आकडा एक्क्याण्णववर जाऊन थांबला. खोलीतला तापमापक चोवीस दाखवत होता, खिडकी बंद होती, आणि चाचणी सुरू होऊन बरोबर दहा मिनिटं झाली होती. याच खोलीत, याच चोवीस अंशांत, दहा मिनिटांनी हा आकडा पूर्वी एकोणऐंशीवर थांबायचा. तेव्हा चिपला व्होल्टेजही कमी लागायचं, एक पॉइंट एकोणीस. आता एक पॉइंट एकोणतीस देऊनही अकराव्या मिनिटाला पडदा निळा झाला, आणि मशीन आपण होऊन बंद पडून पुन्हा सुरू झालं.

तिने वहीत लिहिलं: ९१. बंद पडलं. खाली तारीख घातली. या तीन आठवड्यांतली ही सतरावी नोंद होती.

ती वजनमापांच्या प्रयोगशाळेत तापमापक तपासायची. वय बेचाळीस. दवाखान्यांचे, कारखान्यांचे, शीतगृहांचे तापमापक तिच्या टेबलावर येत आणि तिच्या सहीने परत जात. अशी बाई रविवारी घरी बसून मोटारशर्यतीचा गेम खेळते, त्यासाठी स्वतः कॉम्प्युटर जुळवते, हे कळल्यावर प्रयोगशाळेतल्या मंडळींना आठवडाभर दुसरा विषय सुचला नव्हता. "बाई, रस्त्यावर तुम्ही वीसच्या पुढे जात नाही, आणि तिथे दोनशे?" असं शिपाईसुद्धा विचारायचा. ती म्हणायची, "तिथे हॉर्न नाही ना."

खरं तर गेम हे निमित्त होतं. तिला आवडायचं ते मशीनला थोडंथोडं पुढे नेणं. कंपनीने चिपला ठरवून दिलेला वेग असतो, त्याच्या वर चिपला नेता येतं. पण वेग वाढवला की व्होल्टेज लागतं, व्होल्टेज वाढवलं की उष्णता वाढते, आणि एका जागी चिप हात टेकते. ती जागा प्रत्येक चिपची वेगळी. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपासुद्धा सारख्या नसतात. बहुतेक सामान्य निघतात, काही मठ्ठ, आणि शंभरात एखादी अशी की कमी व्होल्टेजवर निमूटपणे धावत राहते. तिच्या वाट्याला तशी आली होती. चार महिने, दर रविवारी एकेक पायरी चढत तिने ती पाच पॉइंट तीन गिगाहर्ट्झपर्यंत नेली होती. भाऊ त्या चिपला "गुणी बाळ" म्हणायचा. "ताई, तुझ्या गुणी बाळाने आज दूध प्यायलं का?" अशी चौकशी जिन्यातूनच व्हायची.

भाऊ धाकटा. घरात त्याला सगळे छोट्या म्हणत, चाळिशी जवळ आली तरी. खालच्या मजल्यावर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, वर दोन बिऱ्हाडं: एका बाजूला तो आणि त्याची बायको, दुसऱ्या बाजूला ती. गेममध्येही दोघांची जोडी होती. गाडी ती चालवायची, आणि शेजारच्या सीटवरचा माणूस म्हणून तो पुढची वळणं वाचून दाखवायचा. "डावं, कडक. पुढे उतार." वळण दिसायच्या आधी ती स्टिअरिंग फिरवायची, इतका तिचा त्याच्या आवाजावर भरवसा.

तीन आठवड्यांपूर्वी ती चार दिवस प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेली होती. परत आली तर मशीनवर लाल रिबीन बांधलेली.

"नवीन ग्राफिक्स कार्ड!" छोट्या दारातच उभा होता. "वाढदिवस लांब आहे, पण राहवेना. आणि सगळं साफही केलं. पंखे, धूळ, चिपवरची पेस्ट, सगळं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती सहसा रडत नाही.

त्याच संध्याकाळी शर्यतीच्या मध्यात मशीन बंद पडलं.

"कार्डामुळे असेल का रे?"

"छे! कार्ड दुकानात दोन दिवस चालवून आणलंय." त्याने पडद्यावरचे आकडे पाहिले, मान हलवली. "ताई, रागावू नकोस, पण तू तिला फार ताणलंस. चिप थकली. कधीतरी तुझ्या हातून व्होल्टेज जास्त गेलं असणार."

वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. त्यांचा घरातला नियम होता की आकडा चुकला तर आधी आपला हात तपासायचा, मग काटा, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्याकडे बोट. दोघं भावंडं त्याच टेबलाशी बसून वाढली. तिने तो नियम इतका अंगी बाणवला होता की तो नियम आहे हेसुद्धा ती विसरली होती. म्हणून तिने आपला हात तपासला. जुन्या नोंदी काढल्या, एकेक सेटिंग पुन्हा लावलं, मेमरी बदलून पाहिली, वीजपुरवठा बदलून पाहिला, जुनं कार्ड घालून पाहिलं. चिपवर बसवलेला कूलर तेवढा काढला नव्हता, कारण छोट्याने बजावलं होतं, "त्याला हात लावू नकोस. चिप बसते त्या सॉकेटच्या पिना केसासारख्या असतात, आणि तुझा हात सध्या… जाऊ दे."

ते 'जाऊ दे' तिच्या मनात रुतून बसलं. प्रयोगशाळेत एका तापमापकाची नोंद तिने तीनदा घेतली. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणाली, "जरा तुम्ही बघता का?" त्याला वाटलं ती थट्टा करतेय. वीस वर्षांत तिने कुणाला असं विचारलं नव्हतं.

आणि नेमकं याच दिवसांत मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र पुन्हा आलं होतं. दुसऱ्या शहरात, प्रमाण तापमानाचा अख्खा विभाग तिच्या हाती द्यायला ते गेली दोन वर्षं तयार होते. दोन वर्षं ती "बघते" म्हणत होती. छोट्याचं दुकान, संध्याकाळी त्याच्या बिघडलेल्या बोर्डांवरचं बारीक काम, रविवार, हे सगळं सोडून जायचं म्हटलं की तिचा पाय निघत नसे. या वेळी त्यांनी सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. मंगळवारी जेवताना तिने पत्र छोट्याला दाखवलं.

त्याने पत्र वाचून ताटाशेजारी ठेवलं. मग म्हणाला, "तूच म्हणतेस ना, हल्ली आकड्यांवर विश्वास बसत नाही? अशा वेळी एवढी जबाबदारी… बघ बाई. मी आपलं तुझ्या काळजीने म्हणतो."

तिने नकाराचं पत्र लिहून ठेवलं होतं. पाठवायचं तेवढं बाकी होतं.

आता रविवारी, सतरावी नोंद झाल्यावर, तपासायचा राहिलेला एकच भाग उरला होता. तिने मशीन बंद केलं, वायर काढली, हात पुसले आणि कूलरचे चार स्क्रू आलटूनपालटून सैल केले. चिपची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट ठीक होती, सगळीकडे सारखी पसरलेली. म्हणजे तिथेही कसूर नाही. तिने मऊ कापडाने चिपचं धातूचं झाकण पुसलं. राखाडी पेस्टखालून कोरलेली अक्षरं वर आली: मॉडेल, तारीख, आणि शेवटी क्रमांक.

तिने चष्मा पुसला, भिंग आणलं, आणि वहीचं पहिलं पान उघडलं. प्रत्येक यंत्राचा क्रमांक पहिल्या पानावर लिहायचा, ही प्रयोगशाळेतली सवय.

शेवटचे चार अंक जुळत नव्हते.

तिच्या मनात आलेला पहिला विचार असा होता: मी तेव्हा चुकीचं लिहिलं. त्या विचाराची तिला नंतर कितीतरी वेळ लाज वाटत राहिली. ती उठली, कपाटाच्या वरच्या फळीवरून चिपचा रिकामा खोका काढला आणि त्याच्यावरचं लेबल पाहिलं. लेबलावरचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक एकच होता. सॉकेटमध्ये बसलेली चिप दुसरीच होती. तेच मॉडेल, त्याच साच्यातली, सामान्य.

ती खुर्चीत बसली. कुणीतरी घरात शिरून काही नेलं असतं तर तिने कुलूप पाहिलं असतं, खिडकी पाहिली असती. इथे पाहण्यासारखं काही नव्हतं. मशीनला फक्त एका माणसाचा हात लागला होता.

वही घेऊन ती खाली उतरली.

दुकानात वहिनी काच पुसत उभी होती. भावाच्या बायकोला ती पहिल्यापासून वहिनीच म्हणायची, वयाने लहान असली तरी. दर्शनी भागात एक नवं मशीन मांडलेलं, एका बाजूला काच, आत निळे दिवे. ते इथे मांडलेलं तिला आठवत नव्हतं. पण तीन आठवड्यांत ती दुकानात फिरकलीच कुठे होती!

"या ताई! पाहिलंत का आमचं ध्यान? अख्ख्या यादीत नववं आलं. लोक नुसतं बघायला येतात, आणि बघायला आलेला जाताना काहीतरी घेऊन जातो. हे तर हवेतच आहेत."

"कसली यादी?"

"घरच्या मशीनची. कोण किती वेग गाठतो त्याची. ह्यांनी दोन आठवड्यांपूर्वी नाव घातलं."

छोट्या आतून आला. तिच्या हातातली वही त्याने पाहिली आणि चालता चालता अडखळला.

"छोट्या, हे मशीन किती धावतं?"

"अं? पाच पॉइंट तीन."

"व्होल्ट?"

"ताई, आता गिऱ्हाईक यायचंय…"

"व्होल्ट किती?"

उत्तर वहिनीनेच दिलं. पडद्यावर आकडे दिसतच होते. "एक पॉइंट एकोणीस. ते चांगलं असतं ना?"

"फार चांगलं," ती म्हणाली. "आणि तापमान एकोणऐंशी."

वहिनीने वाकून पडद्यावर पाहिलं. "अय्या, न बघता कसं सांगितलंत?"

छोट्या हसला. लहानपणी काचेचं भांडं फोडलं की असाच हसायचा. "योगायोग असतो गं. एका मॉडेलच्या दोन चिपा निघू शकतात की सारख्या."

"शंभरात एक निघते. एकाच घरात दोन?" तिने वही काउंटरवर ठेवली, पहिलं पान वर करून. "क्रमांक बघायचा का? कूलर काढ. मी थांबते."

त्याने स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अहो, काय झालंय?" वहिनीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"सांगणारच होतो मी," छोट्या म्हणाला. "यादी लागली की परत बसवणार होतो. मग गर्दी व्हायला लागली, म्हटलं अजून एक आठवडा. ताई, तुला काय फरक पडतो? तुला गेम खेळायचा. पाच पॉइंट एकवर पण गाडी तशीच पळते. माझं दुकान आहे, पोट आहे. आणि कार्ड नाही का दिलं मी? ते काय फुकट येतं?"

"मागितली असतीस तर दिली असती."

त्याने मान फिरवून दाराकडे पाहिलं.

"खरंच दिली असती रे. पेढ्याची वाटी पुढे करावी तशी दिली असती. चिपचं मला काही नाही." तिचा आवाज चढला नाही. उलट एकेक शब्द ती मोजून ठेवत होती. "तीन आठवडे मी रोज तुला विचारलं, काय चुकतंय माझं? रोज. तू माझ्या खोलीत येऊन, माझ्या खुर्चीत बसून सांगितलंस की माझा हात चुकला. तुला माहीत होतं मी आधी हातच तपासणार. त्या टेबलाशी माझ्या शेजारी तूच बसायचास."

"मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही."

"पहिल्या दिवशी नसेल सुचलं. मंगळवारी?"

"मंगळवारी काय?"

"पत्र दाखवलं मी तुला. तेव्हा नुसतं गप्प बसला असतास तरी चाललं असतं. तू मला सांगितलंस, अशा हाताने जबाबदारी घेऊ नकोस."

वहिनीच्या हातातलं फडकं काचेवर तसंच थांबलं. "तुम्ही असं म्हणालात?" ती नवऱ्याला म्हणाली. "मला तर सांगितलंत, ताईंनाच जायचं नाही म्हणून."

छोट्या खाली बघत होता. तसाच म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर तू चिडून गेली असतीस. आणि नसतं सांगितलं, तरी… तू जायला नको होतीस गं. बोर्डांची कामं कोण करणार होतं? मी एकटा काय काय बघू?" मग घाईघाईने, "थांब, आत्ता काढतो. पाच मिनिटांत तुझी चिप तुझ्या मशीनमध्ये. सगळं पहिल्यासारखं होईल."

तो खरंच स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. ड्रॉवर उघडला, मिटला, दुसरा उघडला. एरवी तिने तो शोधून त्याच्या हातात दिला असता. तो तिच्या समोरच, कीबोर्डाशेजारी पडला होता.

"राहू दे, छोट्या."

"का? तुझीच आहे ना?"

दाराशी एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. वहिनीने त्याला हातानेच थांबायला सांगितलं. काउंटरवरची आपली वही तिने मिटली, काखेत घेतली. दोन वर्षं जे वाक्य जिभेवर आणून ती गिळत आली होती, ते आता इतकं सरळ निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मी तिकडची जागा घेतेय," ती म्हणाली. "एक तारखेला रुजू होतेय."