कैलासवासी भोगवटादार

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, सोनाजी हळद उद्योग या कारखान्यात सांडलेली हळद वेचताना चतुराबाईंचा डावा हात पॉलिशच्या ड्रमच्या पट्ट्यात गेला. ड्रम बंद करायचा खटका भिंतीपलीकडच्या खोलीत होता, बत्तीस पावलांवर. मुकादम रामकिशन ती बत्तीस पावलं धावला. तोवर चतुराबाईंची तीन बोटं गेली होती.

कारखाना हिंगोलीच्या बाहेर, सेनगाव रस्त्याला आहे. वाळलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घासून तिला चकाकी आणायची आणि पोती भरायची, एवढंच तिथलं काम. ड्रम पट्ट्यावर फिरतो. पट्ट्यावर बसवायची जाळी कारखान्याकडे होती. चौदा महिन्यांपूर्वी पट्टा बदलताना ती काढली आणि चोरीला जाऊ नये म्हणून गोदामात ठेवून कुलूप लावलं. तेव्हापासून जाळी सुरक्षित होती.

ती परत का बसली नाही, हे समजायला मालक समजून घ्यावे लागतात. कारखाना काढला सोनाजी आप्पांनी. नऊ वर्षांपूर्वी ते वारले आणि दोन मुलगे संचालक झाले. थोरले विश्वंभरराव, धाकटे रणजीतराव. कारखान्याचा खरा प्रमुख मीच, असं दोघांचंही म्हणणं होतं. दोघांच्या दारांवर एकाच हुद्द्याच्या पाट्या होत्या. पुढे बाजार समितीतल्या चार वजनदार माणसांनी बसून वाटणी करून दिली. यंत्रं धाकट्यांकडे, गोदाम थोरल्यांकडे. ड्रम यंत्रात मोडत होता. जाळी, गोदामात गेल्यापासून, मालात मोडू लागली.

कारखान्याच्या परवान्यावर एका माणसाचं नाव लागतं. कायदा त्याला भोगवटादार म्हणतो. कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे, तो. यंत्राला जाळी, कामगारांना शिकवण, कामावर देखरेख, सगळ्याचं उत्तर त्यानं द्यायचं, आणि चुकलं तर दोन वर्षांपर्यंत कैदही त्यानंच भोगायची. आप्पांच्या जागी दुसरं नाव घालायचं तर संचालकांचा ठराव हवा होता, आणि ठरावाला दोघांचं एकमत. त्यामुळे नऊ वर्षं नूतनीकरणाचा अर्ज आप्पांच्याच नावानं जात राहिला. दरवर्षी पुण्यतिथीला दोन्ही भाऊ हात जोडून सांगत, कारखाना आजही आप्पाच चालवतात. टाळ्या पडत. ही केवळ भावना नाही, सरकारदप्तरी नोंद आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

अपघाताची सूचना सरकारी खात्याला पाठवावी लागते. ती ऑफिसातल्या कारकुनानं त्याच दिवशी भरली. ‘कारण’ या रकान्यात त्यानं लिहिलं: कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. त्यानं फार विचार केला होता असं नाही. आधीच्या तीन फॉर्मांवर तेच होतं.

त्या कागदाची प्रत चतुराबाईंच्या सुनेनं, सृष्टीनं, दवाखान्यात खाटेशेजारी बसून वाचून दाखवली. सृष्टी बारावी झालेली. तिनं हळू आवाजात वाचलं, पण चतुराबाईंनी ऐकायचं ते ऐकलं. एकोणीस वर्षं त्या पुसेगावहून जीपनं हळदीच्या कामाला येत होत्या. कोणत्या बाया घ्यायच्या हे जीपवाला लालसिंग ठरवायचा, आणि वेंधळ्या बाईला तो बसू देत नसे, कारण तिच्यामागे बाकीच्यांची मजुरी अडकायची. हात अधू झालेली बाई एक वेळ निवडणीला, पोती शिवायला चालते. कागदावर निष्काळजी ठरलेली बाई कशालाच चालत नाही. चतुराबाई सुनेला म्हणाल्या, हात गेला तो गेला, पण कागदावरली ही वळ काढून घ्यावी लागंल.

चौथ्या दिवशी त्या खात्याच्या निरीक्षक आल्या. नीलांबरी पाठक त्यांचं नाव. त्यांनी आधी ड्रम पाहिला, मग खटक्यापर्यंतची पावलं स्वतः मोजली, मग परवाना मागितला. तो वाचून त्यांनी रामकिशनला विचारलं, सोनाजी साहेब कधी भेटतील.

रामकिशननं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

“म्याडम, ते वारले. नऊ वर्षं झाली.”

फोटोच्या शेजारीच कारखान्याचं सुरक्षा धोरण चौकटीत लावलेलं होतं. ‘माझ्या प्रत्येक कामगाराच्या सुरक्षिततेची मी जातीनं काळजी घेतो,’ असं त्यात म्हटलं होतं. खाली सोनाजींची सही आणि गेल्या वर्षाची तारीख होती.

“आणि ही सही?”

“रबरी शिक्का हाय, म्याडम. आप्पाचा. दोघंबी तोच वापरतेत.”

दोन्ही भावांना वेगवेगळे वकील होते. दोन्ही वकिलांना पहिल्या दिवशी एकच आनंद झाला, की जबाबदार माणूस मयत आहे आणि मयतावर खटला चालत नाही. दुसऱ्या दिवशी नीलांबरीबाईंनी त्यांना सांगितलं की मयताच्या जागी कायदा संचालकांना धरतो. कारखाना प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात आहे, ते सोमवारी जबाब घेऊन ठरवू.

त्या वाक्यानं हिंगोलीत नऊ वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. विश्वंभरराव म्हणू लागले, कारखाना रणजीतचा. रणजीतराव म्हणू लागले, कारखाना दादाचा. थोरल्यांच्या दारावरची पाटी शनिवारी दुपारी निघाली. धाकट्यांची सकाळीच निघाली होती. चहाच्या टपरीवर ज्यांनी नऊ वर्षं ‘मी’ ऐकलं होतं, त्यांना आता दोघांच्या तोंडून फक्त ‘तो’ ऐकू येऊ लागलं.

दोघं दवाखान्यातही येऊन गेले. आधी थोरले आले, डाळिंबं घेऊन. पट्ट्याजवळ सांडलेली हळद वेच, असं रणजीतनं सांगितलं होतं, एवढं चतुराबाईंनी म्हणावं, निष्काळजीपणाची ओळ ते आजच खोडायला लावतील, असं त्यांनी सुचवलं. तासाभरानं धाकटे आले, तेही डाळिंबं घेऊन. त्यांनी हीच गोष्ट नाव बदलून सांगितली. चतुराबाई दोघांना बरं म्हणाल्या. ते गेल्यावर सृष्टीनं काळजीनं विचारलं, आत्या, कोणाचं नाव घेणार. एकाचं घेतलं तर दुसरा ओळ खोडू देणार नाही, आणि मूळ कागद दोघांच्याच ऑफिसात आहे.

डाळिंब सोलायला दोन हात लागतात, म्हणून चतुराबाईंनी ते सुनेपुढे सरकवलं.

सोमवारी जबाब कारखान्याच्या ऑफिसातच झाले. नीलांबरीबाई टेबलापाशी, समोर दोन भाऊ, त्यांच्या मागे दोन वकील. दाराजवळच्या बाकावर हाताला बँडेज बांधलेल्या चतुराबाई आणि सृष्टी. रामकिशन उभा. सगळ्यांचं सगळ्यांसमोर ऐकू, असं बाईंनी सुचवलं तेव्हा दोन्ही भाऊ लगेच हो म्हणाले. समोरचा अडकताना बघायला मिळणार, असा दोघांचाही हिशेब होता.

विश्वंभररावांनी सांगितलं की दोन वर्षांत त्यांनी पॉलिशच्या शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही. किती बाया तिथे काम करतात, त्यांना माहीत नाही. त्यांना काम कोण शिकवतं, हेही माहीत नाही. हे ते कमावलेल्या गोष्टीसारखं सांगत होते. वकील मान हलवत होता.

रणजीतराव मागे राहणारे नव्हते. ते म्हणाले, यंत्रं त्यांच्याकडे आहेत हे नुसतं बोलायला. ड्रम कुठल्या खटक्यानं बंद होतो हेसुद्धा त्यांना सांगता येणार नाही. पट्ट्याला जाळी असते, ही गोष्ट त्यांना अपघातानंतर कळली.

“म्हणजे दादापेक्षा मला कमीच माहिती आहे,” ते म्हणाले.

“असं कसं,” विश्वंभरराव म्हणाले. “मला तर हा ड्रम कोणत्या साली घेतला तेही माहीत नाही.”

“मला कोणाकडून घेतला तेही माहीत नाही.”

नीलांबरीबाई दोघांचं प्रत्येक वाक्य लिहीत होत्या. त्यांनी कोणालाच थांबवलं नाही. मग त्यांनी रामकिशनला विचारलं, जाळी मागितली होती का. रामकिशननं दोन्ही मालकांकडे पाहिलं आणि खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवला. त्यात चौदा महिन्यांपूर्वीचा एकच निरोप दोघांना पाठवलेला होता: पट्टा उघडा आहे, बाया जवळून जातात, जाळी द्या. थोरल्यांनी उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं. धाकट्यांनी अंगठा.

“त्यानंतर काय झालं?”

“ह्यांना विचारलं तर म्हणत, यंत्र त्याचं, त्याला सांग. त्यांना विचारलं तर म्हणत, किल्ली दादाकडं हाय. मी पाच डाव फिरलो म्याडम. मंग हंगाम सुरू झाला.”

आता चतुराबाईंची पाळी होती. दोन्ही भाऊ खुर्चीत पुढे सरकले. थोरल्यांनी त्यांच्याकडे बघून हलकी मान हलवली. धाकट्यांनीही हलवली.

नीलांबरीबाईंनी विचारलं, पट्ट्याजवळची हळद वेचायला कोणी सांगितलं होतं.

“कोणी न्हाई.”

दोन्ही वकिलांनी एकदमच श्वास सोडला. कोणी हुकूम दिलाच नाही, म्हणजे कोणाचा दोष नाही. एकानं तर कागद गोळा करायला सुरुवातही केली. सृष्टी सासूकडे बघत राहिली. बाई आपणहून वेचायला गेली असं ठरलं, तर ती ओळ कायमची बसली.

नीलांबरीबाई थांबल्या नाहीत. पट्ट्याजवळ जाऊ नको, असं कोणी सांगितलं होतं का?

“न्हाई.”

ड्रम बंद कुठून करायचा, ते दाखवलं होतं?

“न्हाई. एकोणीस वर्षांत कोणी काहीच सांगलं न्हाई बाई. सांडलेलं वेचायचं, हे सगळ्याच बाया करतेत. न्हाई वेचलं तर मजुरी कापतेत.” चतुराबाईंनी बँडेजचा हात मांडीवर नीट ठेवला. “आन आता हे दोघं बसून म्हणून राहिले, की मला ठाऊक न्हाई, मला ठाऊक न्हाई. मंग मी इतके दिवस कोणाच्या कारखान्यात काम करून राहिले होते?”

नीलांबरीबाईंनी प्रश्न जसाच्या तसा जबाबात उतरवला.

मग त्यांनी दोन्ही भावांचे जबाब मोठ्यानं वाचून दाखवले. दोन वर्षांत शेडमध्ये गेलो नाही. कोण शिकवतं माहीत नाही. बंद कसं होतं माहीत नाही. जाळी असते हे माहीत नव्हतं. सगळं बरोबर आहे ना, त्यांनी विचारलं. बरोबर आहे, दोघं म्हणाले, आणि एकमेकांच्या आधी सही करायची घाई केली. सह्या झाल्यावर विश्वंभररावांच्या वकिलाचा चेहरा हळूहळू उतरू लागला. त्यानं बाईंना विचारलं की चुकीचा हुकूम कोणीच दिलेला नसेल तर गुन्हा नेमका काय.

“बरोबर हुकूम द्यायचं काम कोणाचं होतं, ते कायदा विचारतो,” नीलांबरीबाई म्हणाल्या. “शिकवणं, देखरेख, जाळी. यातलं आपण काहीच केलं नाही, हे दोघांनी मला लिहून दिलंय. मला वाटलं होतं, हे सिद्ध करायला सहा महिने जातील.”

वकिलानं जबाब परत वाचायला मागितला. तो बाईंच्या पिशवीत गेला होता.

तक्रार दोघांवर झाली. एकाच्या ताब्यात यंत्र, दुसऱ्याच्या ताब्यात जाळी, म्हणून दोघंही. खटला चालू आहे आणि तारखा पडत आहेत. आप्पांचं नाव परवान्यावरून काढायचा ठराव पंधरा मिनिटांत एकमतानं झाला. त्या जागी कोणाचं नाव घालायचं यावर बैठक चार वेळा मोडली. दोघंही समोरच्याच्या ज्येष्ठतेला, अनुभवाला आणि कर्तबगारीला इतका मान देऊ लागले, की त्यांच्या आईला भरून आलं.

पण हे नंतरचं. त्या सोमवारी, भाऊ आणि वकील बाहेर पोर्चमध्ये भांडत असताना, नीलांबरीबाईंनी अपघाताचा फॉर्म पुढे ओढला. कारकुनाच्या ओळीला हात न लावता त्यांनी खाली चौकशीचा निष्कर्ष लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत सृष्टीच्या हातात दिली. सृष्टीनं ती वाचली: पट्ट्यावर जाळी नसणे व कामगारास कोणतेही प्रशिक्षण दिलेले नसणे हे अपघाताचे कारण; कामगाराचा दोष आढळत नाही.

चतुराबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, वरची वळ काहून तशीच ठिवली.

“ती त्यांनी लिहिलीय मावशी,” नीलांबरीबाई म्हणाल्या. “ती खोडायचा अधिकार मला नाही. आणि कोर्टात ती राहिलेलीच बरी. कोणी काय लिहिलं होतं, ते दिसू द्या.”

चतुराबाईंना ते फारसं पटलं नाही. दोन ओळींपैकी लोक कोणती धरतील, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पुसेगावची जीप दुपारी दोनला नाक्यावर उभी होती. आत अकरा बाया बसल्या होत्या. लालसिंगनं चतुराबाईंच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि जागा नाही असं काहीतरी पुटपुटला. चतुराबाई पायरीवर एक पाय ठेवून तिथंच उभ्या राहिल्या, म्हणजे त्याला गाडी हलवता येईना.

“सृष्टे, खालची वळ वाच,” त्या म्हणाल्या. “जोरात वाच. मागच्या बायांनाबी ऐकू जाऊ दे.”

सृष्टीनं वाचलं. मागच्या एका बाईनं विचारलं, शिक्का आहे का. सृष्टीनं कागद वळवून दाखवला. तो जीपमध्ये हातोहात फिरला. वाचता न येणाऱ्या बायांनी शिक्क्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग कोपऱ्यातली बाई सरकून बसली, तिच्या शेजारची सरकली, आणि दोघींपुरती जागा झाली.

लालसिंगनं गाडी सुरू केली.